उलट्या मीटरची देवी

रांग मीटर बघायला लागली होती. मोहटोल्याच्या तलावाच्या पाळीवर, बंद पडलेल्या धानगिरणीसमोर, त्या गुरुवारी दुपारी पाचसहाशे माणसं उन्हात उभी होती आणि रांगेच्या टोकाला ना मूर्ती होती, ना समाधी. भिंतीवर विजेचं मीटर होतं. काळ्या डब्याचं, काचेतून चकती दिसणारं, साधं मीटर. त्याला हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूची माळ घातलेली. एकेक माणूस काचेला डोळा लावी, आतली चकती बघी आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेई. कारण चकती उलटी फिरत होती.

"साऱ्या दुनियेचं मीटर पुढं पळते," लाऊडस्पीकरवरून ज्योतीनाथ महाराजांचा आवाज घुमला. "काऊन पळते? दुनिया घेते म्हनून! आपली माय घेत नाई, माय देते! मीटर मांगं, पाप मांगं, म्हतारपन मांगं! एक चक्कर उलटा म्हनजे तुमच्या उमरेतला एक दिवस वापस!"

केसरबाई नावाची सत्तरीची म्हातारी सकाळपासून मीटरसमोरून हलायला तयार नव्हती. तिला निदान लग्नाच्या वयापर्यंत तरी मागं जायचं असावं.

मीटर हा दिवसाचा चमत्कार. संध्याकाळचा वेगळा होता. दिवेलागणीला आमच्या भागातली लाईन रोज जायची. लाईन म्हणजे वीज. आमच्याकडे विजेला कोणी वीज म्हणत नाही. सगळं गाव अंधारात बुडायचं. गिरणीतल्या महाराजांच्या मठातला दिवा मात्र क्षणभर मंद व्हायचा आणि पुन्हा भक्क पेटायचा. तालुक्याला कंदील आणि महाराजांना दोनशेचा बल्ब! आम्ही सबस्टेशनवरची माणसं त्यांना आपसांत 'करंटे महाराज' म्हणायचो. पण तो गुरुवार हसण्याचा नव्हता. माझ्यासाठी तर मुळीच नव्हता.

मी रांगेत नव्हतो. चिंचेखाली एकटा उभा होतो. माझ्या आजूबाजूला दहा हात जागा मोकळी होती, कारण माझ्याशेजारी उभं राहायची कोणाची तयारी नव्हती. मी लहानू रामटेके, सबस्टेशनचा ऑपरेटर, सध्या निलंबित. थोड्या वेळानं मला त्या माईकवर जाऊन देवीची साक्ष द्यायची होती.

ही वेळ का आली ते सांगतो.

नऊ दिवसांपूर्वी मोहटोल्याच्या फाट्यावर एका खांबावरची, तार पेलणारी चिनीमातीची वाटी फुटली. फाटा म्हणजे मोठ्या लाईनीतून निघून गिरणीकडे जाणारी तार. गिरणी बुडाल्यापासून तिथं फक्त मठ होता. दुरुस्तीला लाईनमन मुखरू निघाला. मी त्याला चिठ्ठी लिहून दिली, 'दहा वाजता लाईन बंद.' दहाच्या ठोक्याला मी खटका ओढला, दांड्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि रजिस्टरात लिहिलं. सव्वादहाला मुखरूनं खांबावर चढून तारेला हात लावला आणि तो खाली फेकला गेला. चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

बंद तारेत अकरा हजार व्होल्ट आले कुठून?

लोकांना उत्तर सोपं वाटलं. लहानू खटका ओढायला विसरला आणि मागाहून रजिस्टर रंगवलं. मुखरूची बायको शकुबाई दुसऱ्या दिवशी माझ्या क्वार्टरवर आली. रडली नाही, ओरडली नाही. पायरीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "माया मानसाचा हात तू खाल्ला, लहानूभाऊ." मग रोज सकाळी यायची, दुपारपर्यंत बसायची. मला बाहेर पडायचं तर तिला ओलांडून जावं लागायचं. मी बाहेर पडणं सोडलं.

साहेब चौकशीला आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना फाईल बंद करायची होती.

"रजिस्टर तुझं, सही तुझी, किल्ली तुझ्याच खिशात. तू खटका ओढलास हे सांगणारा दुसरा कोण?"

"कोनी नाई साहेब."

"मग मी काय लिहू? गावकरी म्हणतात तू, मठवाले म्हणतात देवी. तिसरं नाव असेल तर आण. शुक्रवारी अहवाल जातो."

तिसरं नाव माझ्याकडे नव्हतं. नोकरी जाणार होती आणि पोलीस केस तर ठरलेलीच. त्याहून वाईट म्हणजे, आठव्या दिवसापर्यंत माझा माझ्यावरचाही विश्वास उडायला लागला. मी खरंच खटका ओढला होता का? की नेहमी ओढतो म्हणून ओढल्यासारखं आठवतं? डोळे मिटले की हातात दांडा यायचा. उघडले की पायरीवर शकुबाई दिसायची.

आणि नेमक्या त्याच दिवशी महाराजांनी बोलावणं धाडलं.

"लहानू," महाराज गादीवरून म्हणाले, "तू लाईन बंद केलीच होती. साऱ्या जिल्ह्यात हे माननारा मी एकटा हावो."

मला भडभडून आलं. आठ दिवसांत हे वाक्य माझ्या बायकोखेरीज कोणी उच्चारलं नव्हतं.

"मुखरू चपला घालून पाळीवर आला. नारळ न फोडता खांबावर चढला. मायनं झटका देल्ला. तू गुरुवारी येऊन लोकायसमोर इतकंच सांग. शकुबाई तुया पायरीवरून उठन, साहेब लिहून घेईन, तू ड्यूटीवर जाशीन. कोनाचं काय बिघडते?"

फास तो हाच. मी निर्दोष आहे असं म्हणणारा एकमेव माणूस लबाड होता. त्याचा हात धरला तर सुटत होतो, सोडला तर बुडत होतो. माझ्या बापानं छप्पन साली घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. आणि मी नोकरीसाठी एक नवी देवी घरात आणायला निघालो होतो. लाज वाटली, पण 'येतो' म्हणालो. खोटं कशाला सांगू?

घरी आलो तर सत्यशीला, माझी बायको, वह्या तपासत बसली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. मी सगळं सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. तिनं वहीच्या पाठीमागं एक आडवी रेघ ओढली.

"तुमी लाईन बंद केली?"

"केली."

"पक्की?"

"पक्की," मी म्हणालो, आणि तिनं विचारलं म्हणून की काय, ते मला पुन्हा खरं वाटलं.

"मंग तारेत लाईन तुमच्याकडून नाई आली. तारेले टोकं किती असते?"

"दोन."

"एका टोकाले तुमी. दुसऱ्या टोकाले कोन हाय?"

बारा वर्षं मी ऑपरेटर होतो. लाईन आमच्याकडून निघते आणि गावाकडं जाते, एवढंच मला ठाऊक होतं. ती गावाकडून आमच्याकडंही येऊ शकेल हे बारा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. दुसऱ्या टोकाला मठ होता. उलट्या फिरणाऱ्या मीटरचा मठ.

"पन मठात वीज कोन बनवन?" मी विचारलं.

त्याचं उत्तर जंगूकडं मिळालं. जंगू मडावी तलावाची तुडूम उघडायचा आणि बंद करायचा. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातली, पाणी सोडायची मोरी. आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो तर तो महाराजांवर आधीच वैतागलेला होता.

"धान कापून झालं, बाई. आता बांधीत पानी कोनाले पायजे? तरी महाराज म्हनते, तुडूम बंद करू नोको. तलाव रिकामा होऊन राह्यला!"

"पानी जाते कुठी?" सत्यशीलानं विचारलं.

"गिरनीच्या मांगं नाली हाय, तिथून टिनाच्या शेडात. शेडाले कुलूप. आत दिवसरात घरघर चालू राह्यते. मी इचारलं तं म्हनते, देवी दळते."

"आन उन्हाळ्यात तलाव आटला का?"

"मंग देवी माहेरी जाते. तवा चमत्कार बंद."

सत्यशीला आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता साहेबांकडं जाऊ. ती म्हणाली, "सांगून काई होत नाई. तुमी आठ दिवस खरंच सांगून राह्यले न? दाखवा लागन."

तर मी चिंचेखाली उभा होतो तो असा. साहेब जीप घेऊन आले होते, कारण महाराजांनीच त्यांना साक्ष ऐकायला बोलावलं होतं. त्यांना खुर्ची दिली होती. पहिल्या ओळीत, मांडी घालून, शकुबाई.

"या, लहानूभाऊ!" महाराजांनी हाक दिली. "मायसमोर खरं बोला!"

जंगूनं ऐन वेळी घाबरून कच खाल्ली तर? मी माईक धरला.

"मी दहा वाजता लाईन बंद केली होती."

"जय ज्योतीमाय!" गर्दी ओरडली.

"तरी तारेत लाईन होती."

"जय ज्योतीमाय!"

"आता ही माय कशावर चालते थे पाहू. साहेब, तुमी मीटरजवळ उभे राहा. केसरबाई, तुमी तं हायेच. चकतीवरून नजर काढू नोका."

मी डोक्याचा दुपट्टा सोडून हवेत हलवला. दूर पाळीवर जंगू वाकला. काहीच झालं नाही. चकती आपली उलटी फिरतेय. महाराज माझ्याकडं बघून गोड हसले. नालीत साचलेलं पाणी संपायला वेळ लागतो हे मी विसरलो होतो.

मग चकती मंदावली. आणखी मंदावली. थांबली. आणि अंग झटकून सुलटी फिरायला लागली.

"अगं माय!" केसरबाई किंचाळली. "हे तं पुढं पळून राह्यलं! माई उमर वाढून राह्यली न वो!"

"माय रुसली!" महाराज उठून उभे राहिले. "पापी मानसाचा हात लागला! नारळ आना, लिंबू आना!"

"नारळ नोको महाराज, रुसवा मी काढतो." मी दुपट्टा दोनदा हलवला. जंगूनं तुडूम उघडली. मिनिटभरानं चकती थांबली आणि पुन्हा उलटी फिरू लागली. तिसऱ्या वेळी मला दुपट्टा हलवावाच लागला नाही. गर्दीतूनच आरोळी उठली, "जंगू, बंद कर!" आणि देवी गपगार सुलटी झाली. सहाशे माणसं देवीला तालावर नाचवत होती.

शेडाचं कुलूप कोणी फोडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आत डांबराची पिंपं कापून केलेलं पात्यांचं चाक होतं, त्यावरून पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गिरणीची जुनी मोटार, तिला लाईन गेली तरी वीज टिकवून धरणारे कपॅसिटरचे डबे जोडलेले. महाराज पूर्वाश्रमीचे मोटारी भरणारे कारागीर निघाले. मोटारीला वीज दिली की ती फिरते, हे आपण रोज बघतो. तीच मोटार पाण्याच्या जोरानं, तिच्या नेहमीच्या वेगाहून थोडी जास्त फिरवली की ती वीज खायच्याऐवजी तारेत वीज ढकलू लागते. म्हणून मीटर उलटं. संध्याकाळी गावाची लाईन गेली की साऱ्या गावाचा भार त्या एकट्या मोटारीवर पडायचा, दिवा मंद व्हायचा. तेवढ्यात पडद्यामागं बसलेला चेला रामाजी मठाचा मेन स्विच ओढायचा. गाव तुटलं की मोटारीची सगळी वीज मठाला, आणि दिवा भक्क.

साहेब कपाळाला आठ्या घालून उभे होते. "हे ठीक आहे. पण ही मोटार चारशे व्होल्टची. मुखरूच्या तारेत अकरा हजार होते."

"त्याले डीपी हाय न साहेब," सत्यशीला म्हणाली. डीपी म्हणजे खांबावरचं रोहित्र. तिनं शाळेची सायकल स्टँडवर उभी केली, डायनामोच्या दोन तारा काढल्या आणि पिशवीतून रेडिओचं एलिमिनेटर फोडून काढलेलं इवलंसं रोहित्र बाहेर ठेवलं. "रामाजीभाऊ, या. ह्या दोन तारा धरा."

रामाजी छाती काढून आला. तिनं पायडल मारलं. "काई झालं?"

"काई नाई!" रामाजी लोकांकडं बघून हसला.

"हे सहा व्होल्ट होते. हे रोहित्र घरचे दोनशेतीस घेते आन रेडिओले सहा देते. आता त्याले उलटं जोडून पाहू. सहा इकडून घातले तं तिकडून काय निघन? धरा पुन्हा."

रामाजीनं धरलं. सत्यशीलानं पायडल मारलं. रामाजी "आई वो!" करून तीन हात मागं उडाला आणि थेट केसरबाईच्या मांडीवर बसला. लोक पोट धरधरून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांना समजलं होतं. खांबावरची डीपी अकरा हजार घेऊन चारशे देते. तिला मठाकडून चारशे दिले की ती गुमान अकरा हजार करून तारेत सोडते. डीपीला पुढची बाजू मागची बाजू कळत नाही.

"मग त्या दिवशी स्विच का नाही ओढलास?" साहेबांनी रामाजीला दरडावून विचारलं.

"लाईट कमी झालाच नाई साहेब!" रामाजी रडकुंडीला आला. "उलटा वाढला! मले कसं समजन का लाईन गेली?"

हेही खरं होतं. मुखरू बोलायला लागल्यावर पुढं कळलं की तो वेळेआधी पोचला होता आणि सावध माणूस म्हणून त्यानं फाटा निघतो तिथला खटका दहाच्या आधीच ओढला होता. त्यामुळं गावाचा भार सुटला आणि मठाच्या मोटारीला ओढायला उरली एक रिकामी तार. दिवा मंद होईलच कशाला? मठाला वाटलं लाईन आहे, मला वाटलं लाईन नाही आणि मुखरूचा हात तारेवर होता.

लोकांनी आता दगड उचलले. महाराज जीपमागं दडले, तर दगड चाकाकडं वळले. सत्यशीला शेडाच्या दारात आडवी उभी राहिली.

"चाक काऊन फोडता? चाकानं काय केलं? तलावाचं पानी आपलं, लाईट आपला. लपवून जोडला म्हनून मानूस पडला."

साहेबांनी तिथंच सांगितलं, आणि पुढं दोन महिन्यांनी तसंच झालं. दोन बाजूंचा खटका बसवला, म्हणजे मठ एकतर मोटारीला लागेल नाहीतर लाईनीला. दोन्हींना एकदम कधीच नाही. तो खटका बाहेर खांबावर, सगळ्यांना दिसेल असा, आणि त्याच्या कुलपाची किल्ली लाईनमनकडं. सबस्टेशनच्या भिंतीवरच्या नकाशात फाट्याच्या टोकाला लाल शाईनं लिहिलं, 'इकडूनही लाईन येते.' आज त्या चाकावर गावाची धान कांडायची गिरणी चालते. मीटर सुलटं फिरतं आणि कोणी गालावर मारून घेत नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी महाराजांना जीपमध्ये घातल्यावर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिसरं नाव मिळालं. तू सुटलास."

मी सुटलो. छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात शकुबाई पुढं आली.

"सारं समजलं मले. आता एकच सांग. माया मानसानं तारेवर साखळी काऊन नाई टाकली?"

साखळी म्हणजे जमिनीत रोवलेली लोखंडी साखळी. चढण्याआधी लाईनमन ती खालून तारांवर फेकतो. तारेत कुठूनही, कोणत्याही टोकाकडून लाईन असली तर साखळीवर ठिणगी उडते, माणूस वाचतो. हा प्रश्न चौकशीत कोणी विचारला नव्हता. साहेबांनीही नाही.

मला गप्प बसता आलं असतं. अहवालात माझं नाव आता स्वच्छ होतं.

"माझ्यामुळं," मी म्हणालो. "मांगच्या पावसाळ्यात मुखरू साखळी टाकत होता. मी चार मानसांत त्याले हासलो. म्हटलं, काऊन मुखरू, माया शब्दावर भरोसा नाई का? त्या दिवसापासून माई चिठ्ठी असली का तो साखळी टाकत नोहता. दोस्ताचा अपमान नोको म्हनून."

आमच्या लाईनमन लोकांत ही रीतच पडली होती. साखळी परक्या ऑपरेटरसाठी, आपल्या माणसाचा शब्द पुरे. मठातल्या मीटरला हसणारा मी, माझ्या शब्दाला हळदकुंकू लावून बसलो होतो आणि मुखरू त्याची पूजा करत होता.

शकुबाईनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"मंग तूबी महाराजच झाला न, लहानूभाऊ," ती म्हणाली आणि पदर सावरून एसटीच्या वाटेला लागली. तिला चंद्रपूरला दवाखान्यात जायचं होतं.

मी पुन्हा ड्यूटीवर रुजू झालो. चिठ्ठ्या अजून मीच लिहितो. प्रत्येक चिठ्ठीखाली वेळेनंतर एक ओळ जादा लिहितो, 'माझ्यावर विसंबू नये, साखळी टाकूनच चढावे.' नवे लाईनमन हसतात, म्हणतात, लहानूभाऊ, तुमच्यावर आमचा पुरा भरोसा आहे. मी त्यांच्यावर ओरडतो. तुम्हालाही तेच सांगतो. देवी सांगो, साहेब सांगो, जिवाभावाचा दोस्त सांगो, तार बंद आहे म्हणाला तर साखळी टाका आणि मगच चढा. कोणाचंही म्हणणं तपासून घेण्यात त्याचा अपमान नसतो. ज्याला तो अपमान वाटतो, त्याच्यापासून सांभाळून राहा, मग तो मी का असेना.